आईच्या फ्लॅटचं भाडं आणि न्यू जर्सीतला विम्याचा हप्ता

वाचकाचं पत्र, थोडक्यात

आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. मी 54 वर्षांचा, पत्नी 52, मुलगी 20 वर्षांची, कॉलेजात. गेल्या उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. आता 1099 वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, कन्सल्टिंग करतो आणि 2026 मध्ये खर्च जाता 1,18,000 डॉलर नफा होईल असं दिसतंय. पत्नी अर्धवेळ काम करते, वर्षाला 14,000. तिच्या कामावर विमा नाही. बँकांचं व्याज सगळं मिळून 4,300. कोब्रासाठी (जुन्या नोकरीचाच विमा, पण पूर्ण हप्ता स्वतः भरून) तिघांचे महिन्याला 2,780 डॉलर भरतोय. ऑक्टोबर 2025 मध्ये माझी आई (68) ग्रीन कार्डवर आली. तिला मधुमेह आहे, गुडघेही दुखतात. तिचा व्हिजिटर विमा आहे, 190 डॉलरचा. तिचा डोंबिवलीचा फ्लॅट 18,000 रुपये भाड्याने दिलाय आणि एफडीचं वर्षाला दीड लाख व्याज येतं. करार मार्चअखेर संपतो, तेव्हा भाडं 28,000 करणार आहोत.

सरकारी साइटवर पाहिलं तर चौघांचा सिल्व्हर (ब्रॉन्झ आणि गोल्ड यांच्या मधल्या दर्जाचा) प्लॅन 3,640 डॉलर महिना, त्यात एकट्या आईचे 1,355! सबसिडी संपली म्हणतात. मग राज्यं विमा स्वस्त करताहेत, हे जे वाचतो, त्याचा आम्हाला काही उपयोग आहे का? टेक्सासमधले मेहुणे म्हणतात, इकडे या, इकडे गोल्ड प्लॅन सिल्व्हरपेक्षा स्वस्त मिळतो.

आमचं उत्तर

नमस्कार. आधी तारीख. न्यू जर्सीत 2026 साठीची खुली नोंदणी 31 जानेवारीला संपते. तोवर अर्ज करून प्लॅन निवडलात तर विमा 1 फेब्रुवारीपासून लागू होईल. ही तारीख हुकली आणि नंतर कोब्राचा हप्ता जड झाला म्हणून तो मध्येच सोडलात, तर ते ‘विमा गेला’ असं धरलं जात नाही. मग वर्षभर दार बंद. कोब्राची मुदत पूर्ण संपली, तरच पुन्हा 60 दिवसांची खिडकी उघडते.

आता मूळ गोष्ट. साइटवर दिसलेले 3,640 ही दुकानातल्या साडीवरच्या चिठ्ठीची किंमत आहे. तुमचा खरा हप्ता ठरतो तो वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर आणि टॅक्स रिटर्नमध्ये कुटुंबात किती माणसं दाखवता त्यावर. तुम्ही बहुधा उत्पन्न न भरता नुसते दर पाहिलेत. आणि सबसिडी ‘संपली’ हे अर्धंच खरं. 2021 मध्ये वाढवलेली जादा सबसिडी 2025 अखेर संपली. 2014 पासूनची मूळ सबसिडी, म्हणजे प्रीमियम टॅक्स क्रेडिट, चालूच आहे. फरक एवढाच की जुना कडा परत आला. उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या 400 टक्क्यांच्या आत असेल तर क्रेडिट मिळतं, एक डॉलर वर गेलं की शून्य. 2026 च्या विम्यासाठी 2025 ची दारिद्र्यरेषा धरतात. त्या हिशेबाने 400 टक्क्यांची मर्यादा तिघांच्या कुटुंबाला 1,06,600 डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला 1,28,600 डॉलर.

तुमचं सगळं उत्तर या दोन आकड्यांमध्ये आहे, आणि त्यातला कोणता तुम्हाला लागू होईल हे डोंबिवलीच्या फ्लॅटवर ठरणार आहे.

तुमचं उत्पन्न आधी नीट मांडू. जे मोजलं जातं त्याला इथे ‘मॅगी’ म्हणतात (हो, नूडल्ससारखंच). नफा 1,18,000. त्याच्या 92.35 टक्के म्हणजे 1,08,973, त्यावर 15.3 टक्के स्वयंरोजगार कर 16,673, आणि त्याचा निम्मा भाग, 8,336, उत्पन्नातून वजा होतो. उरले 1,09,664. पत्नीचे 14,000 आणि व्याजाचे 4,300 धरून 1,27,964. व्याजात तुमच्या एनआरई खात्याचं व्याज धरलंय ना, ते तपासा. भारतात ते करमुक्त असलं तरी अमेरिकेत मोजलं जातं, पीपीएफचंही. मुलीने सुट्टीत इंटर्नशिप केली तर तिची कमाई तिला रिटर्न भरणं सक्तीचं होईपर्यंत मोजत नाहीत. ही पायरी साधारण 16,000 डॉलरला येते.

तिघांचं कुटुंब धरलं तर तुम्ही कड्याच्या 21,000 डॉलर पलीकडे आहात. आता आईंना तुमच्या रिटर्नवर अवलंबित म्हणून दाखवलं तर काय होतं ते पाहा. कुटुंब चौघांचं होतं आणि मर्यादा 1,28,600 वर जाते. मात्र आईंना स्वतःचं रिटर्न भरावं लागत असेल, तर त्यांचं उत्पन्नही तुमच्या उत्पन्नात मिळवतात. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर त्यांना ते भरावं लागेलच, कारण ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न दाखवायचं असतं. भाड्यातून खर्च वजा करून त्यांचे 3,500 धरू. एकूण 1,31,464. मर्यादेच्या फक्त 2,864 वर. एवढं खाली आणणं अजिबात अवघड नाही, ते पुढे सांगतो.

उलट, आई अवलंबित ठरल्या नाहीत तर नुकसान दोन्हीकडून. तुमची मर्यादा खाली येते, हा एक भाग. दुसरा फारसा कोणाला ठाऊक नसतो. आईंचं एकटीचं कुटुंब धरलं जातं आणि त्यांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या (एका माणसाला 15,650 डॉलर) खूप खाली पडतं. पूर्वी ग्रीन कार्डला पाच वर्षं न झालेल्या, म्हणून मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) न मिळणाऱ्या माणसाला इतक्या कमी उत्पन्नावरही क्रेडिट मिळायचं. जुलै 2025 च्या कायद्याने ही सवलत 1 जानेवारी 2026 पासून काढून घेतली. म्हणजे स्वतंत्र आईला फेडरल मदत शून्य आणि हप्ता पूर्ण 1,355. तुमच्या रिटर्नवरच्या आईला मात्र मदत मिळते, कारण तेव्हा उत्पन्न संपूर्ण घराचं मोजतात.

अवलंबित ठरण्याच्या दोन अटी तुम्हाला महत्त्वाच्या. वर्षभराच्या त्यांच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग तुम्ही उचलायला हवा. त्या तुमच्याच घरी राहतात आणि त्यांचे पैसे तिकडे खात्यात पडून राहतात, त्यामुळे ही अट आपोआप पुरी होते. एफडीत साठलेला पैसा खर्च झाला नाही तर तो मोजत नाहीत. दुसरी अट उत्पन्नाची. 2026 साठी त्यांचं ढोबळ करपात्र उत्पन्न 5,300 डॉलरच्या आत हवं. इथे ‘ढोबळ’ या शब्दाकडे नीट पाहा. भाडं पूर्ण धरतात. सोसायटीचा मेन्टेनन्स, घरपट्टी, रंगकाम, काहीही वजा होत नाही. अनेकांचं इथेच चुकतं. रिटर्नवर भाड्याचं निव्वळ उत्पन्न हजार डॉलर दिसतं, म्हणून अट पाळली असं समजतात, आणि ढोबळ आकडा सहा हजार निघतो.

डॉलर 90 रुपये धरून हिशेब करू. जानेवारी ते मार्च 18,000 प्रमाणे 54,000. एप्रिलपासून 28,000 केलंत तर नऊ महिन्यांचे 2,52,000. एफडीचे 1,50,000. एकूण 4,56,000 रुपये, म्हणजे 5,067 डॉलर. अटीत बसलं, पण 233 डॉलरच्या फरकाने. वर्षाचा सरासरी दर 86 रुपयांवर आला तर हेच 5,302 डॉलर होतात आणि दोन डॉलरनी अट मोडते. 2027 मध्ये तर बारा महिने 28,000 धरल्यावर ते 90 च्या दरानेही 5,400 होईल. म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे: नवा अकरा महिन्यांचा करार 25,000 ला करा. 2026 चं एकूण 4,29,000 रुपये होईल, म्हणजे 4,767 डॉलर. दर 86 झाला तरी पाच हजारांच्या आत. महिन्याला तीन हजार रुपये सोडताय असं वाटेल. त्याच्या बदल्यात काय वाचतंय ते पुढच्या परिच्छेदात. भाडेकरूकडून घेतलेलं डिपॉझिट परत करायचं असतं, ते उत्पन्न नाही. एफडीचं व्याज मात्र कॅलेंडर वर्षाचं लागतं आणि आपल्या बँका ते एप्रिल ते मार्चचं देतात. बँकेकडून जानेवारी ते डिसेंबरचं वेगळं पत्रक मागून घ्या.

आता वाचतंय किती? मॅगी 1,21,464 वर आणली असं समजा. 300 ते 400 टक्क्यांच्या पट्ट्यात 2026 साठी तुमचा वाटा उत्पन्नाच्या 9.96 टक्के, म्हणजे वर्षाला 12,098, महिन्याला 1,008. तुम्ही पाठवलेल्या यादीत दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर प्लॅन 3,640 चा आहे. क्रेडिट याच प्लॅनवरून मोजतात. 3,640 वजा 1,008, म्हणजे महिन्याला 2,632 डॉलर फेडरल क्रेडिट. फेब्रुवारी ते डिसेंबर अकरा महिन्यांचे 28,952. कड्याच्या वर एक डॉलर गेला तर हे सगळं परत द्यावं लागेल. पूर्वी परतफेडीला काही उत्पन्नगटांसाठी कमाल मर्यादा होती, 2026 पासून तीही काढून टाकली आहे.

मग खाली कसं यायचं? निवृत्तीच्या खात्यात पैसे घालून. तुम्ही स्वयंरोजगारी असल्यामुळे एसईपी-आयआरए उघडू शकता. त्यात नफ्यातून निम्मा कर वजा करून उरलेल्याच्या साधारण 20 टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत जवळपास 21,900 डॉलरपर्यंत टाकता येतात. याची गंमत म्हणजे तो वर्ष संपल्यावरही उघडता येतो, 2027 च्या एप्रिलमध्ये रिटर्न भरेपर्यंत, आणि मुदतवाढ घेतली तर ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे डिसेंबरात एखादा मोठा इनव्हॉइस अचानक आला तरी हातात उपाय राहतो. दुसरी वाट एचएसएची, म्हणजे उपचारांच्या खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्याची. 2026 पासून एक्सचेंजवरचे (सरकारी विमा-बाजारातले) सगळे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला पात्र झाले आहेत, हा बदल तुमच्या फायद्याचा. कुटुंबासाठी वर्षाची मर्यादा 8,750 डॉलर. तुमचे अकरा महिने धरले तर सुमारे 8,020. त्यातून आईंच्या औषधांचे पैसेही देता येतात, त्यांचा प्लॅन वेगळा असला तरी, कारण त्या तुमच्या रिटर्नवर अवलंबित आहेत. न्यू जर्सी स्वतःच्या राज्य करात एचएसएची वजावट मानत नाही. पण सबसिडी फेडरल आकड्यावर ठरते, त्यामुळे इथे अडचण नाही.

आम्ही तुमच्या जागी असतो तर 6,000 एचएसएत आणि किमान 4,000 एसईपीत धरून अर्जात उत्पन्न 1,21,500 च्या आसपास लिहिलं असतं. विम्याच्या हप्त्याचा तुमचा वाटाही स्वयंरोजगारी म्हणून वजा करता येतो, पण तो क्रेडिटवर अवलंबून आणि क्रेडिट त्याच्यावर, असा गोल गोल हिशेब होतो. तो सीपीएकडून (अमेरिकेतला सीए) किंवा सॉफ्टवेअरकडून करून घ्या आणि कड्याच्या आत राहण्यासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. वर्षभर एक गोष्ट टाळा: जुने शेअर विकणं, नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, म्हणजे 401(के)तून, आधी कर भरावा लागणाऱ्या रोथ खात्यात पैसे हलवणं, भारतातला म्युच्युअल फंड मोडणं. यातली कुठलीही एक गोष्ट तुम्हाला ढकलून पलीकडे नेऊ शकते. भारतातून कोणी भेट म्हणून पैसे पाठवले तर ते मोजत नाहीत.

आता राज्यांकडे वळू. तुमचं राज्य या बाबतीत बऱ्यापैकी उदार आहे. न्यू जर्सीने 2021 च्या विम्यापासून स्वतःचं एक्सचेंज चालवलंय, गेटकव्हर्डएनजे. तिथे फेडरल क्रेडिटशिवाय राज्याची स्वतःची मदत मिळते, न्यू जर्सी हेल्थ प्लॅन सेव्हिंग्ज. ती दारिद्र्यरेषेच्या 600 टक्क्यांपर्यंत आहे. चौघांना 1,92,900 आणि तिघांना 1,59,900. म्हणजे सगळे प्रयत्न फसून तुम्ही 400 च्या पलीकडे गेलात, तरी राज्याचा आधार राहतो. निकालाच्या पानावर ती वेगळ्या ओळीत दाखवतात आणि थेट हप्त्यातून कापतात. म्हणूनच ‘आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला काय मिळणार’ असं म्हणून दलालामार्फत एक्सचेंजच्या बाहेरचा प्लॅन घेऊ नका. तोच प्लॅन, तोच दर, पण बाहेर घेतला की दोन्ही मदती गेल्या. गुगलवर वरच्या ओळीत दिसणाऱ्या, फोन नंबर मागणाऱ्या साइटी टाळा. एकदा नंबर दिला की दिवसाला वीस फोन येतात.

राज्यांचं दुसरं हत्यार रीइन्शुरन्स. ज्या थोड्या रुग्णांची बिलं लाखो डॉलरमध्ये जातात, त्यांच्या बिलाचा एक भाग राज्य उचलतं, त्यामुळे कंपनीला सगळ्यांचा हप्ता वाढवावा लागत नाही. अलास्काने हे पहिल्यांदा केलं. 2017 मध्ये तिथे 42 टक्के वाढ अपेक्षित होती, ती 7 च्या आसपास थांबली. मेरीलँडमध्ये 2019 साठी कंपन्यांनी सरासरी 30 टक्के वाढ मागितली होती, रीइन्शुरन्समुळे दर उलट 13 टक्के उतरले. न्यू जर्सीनेही त्याच वर्षी हे सुरू केलं, विमा नसल्यास दंडही लावला, आणि दर सरासरी 9 टक्क्यांनी उतरले. हप्ते उतरल्याने केंद्राची जी सबसिडी वाचते, ती केंद्र राज्याला देतं आणि योजना बऱ्याच अंशी त्यावर चालते.

पण हे तुमच्यासाठी आहे का? नाही, निदान कड्याच्या आत असताना तरी नाही. रीइन्शुरन्सने सिल्व्हर प्लॅनचा दर उतरला की तुमचं क्रेडिटही तितकंच उतरतं. तुमचा वाटा 1,008 चा 1,008 च राहतो. त्याचा फायदा पूर्ण पैसे भरणाऱ्याला. बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवा: राज्य दर उतरवतंय की माणसाच्या हातात मदत देतंय?

मेहुण्यांचं म्हणणं खोटं नाही. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने विमा कंपन्यांना एक भरपाई देणं बंद केलं. कमी उत्पन्नाच्या लोकांना सिल्व्हर प्लॅनमध्ये जी डिडक्टिबलची (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायच्या रकमेची) सवलत द्यावी लागते, तिची ही भरपाई होती. कंपन्यांनी तो खर्च सिल्व्हरच्या हप्त्यावर चढवला. टेक्सासने 2021 च्या कायद्याने हे नीट आणि पुरेपूर चढवायला लावलं, 2023 पासून. सिल्व्हर महागलं, सिल्व्हरवरून मोजलं जाणारं क्रेडिट फुगलं, आणि गोल्ड स्वस्त दिसू लागलं. राज्याच्या तिजोरीतून एक पैसा न घालता केलेली ही युक्ती आहे, आम्हाला ती हुशारीची वाटते. पण त्याचा फायदा क्रेडिट मिळणाऱ्याला. कड्याच्या पलीकडच्या माणसाला टेक्सासमध्ये राज्याकडून काहीही नाही.

बाकी राज्यांचंही ज्याचं त्याचं वेगळं. न्यू मेक्सिकोने संपलेली जादा सबसिडी 2026 साठी स्वतःच्या निधीतून पूर्ण भरून काढली. कॅलिफोर्नियाने 19 कोटी डॉलर ठेवले, पण ते 165 टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नालाच पुरतात, तुमच्यासारख्याला तिथे काही मिळालं नसतं. वॉशिंग्टन आणि कोलोरॅडोने राज्याने ठरवून दिलेल्या साच्याचे प्लॅन आणले, त्यात तुलना सोपी होते. विम्यासाठी घर हलवण्याइतका फरक तुमच्या बाबतीत नाही.

प्लॅन निवडताना सिल्व्हरच्या मोहात पडू नका. सिल्व्हरमधली डिडक्टिबलची खास सवलत 250 टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नालाच असते, तुम्हाला ती नाही. क्रेडिट कुठल्याही धातूच्या प्लॅनला लागतं आणि एकाच घरातल्या माणसांना वेगवेगळे प्लॅन घेता येतात. तुम्ही तिघं धडधाकट असाल तर ब्रॉन्झ. आईंना मधुमेह आणि गुडघे, वर्षभरात शस्त्रक्रियेचा विचार असेल तर गोल्ड. तुमच्याच यादीप्रमाणे तिघांचा ब्रॉन्झ 1,740 आणि आईंचा गोल्ड 1,580 धरला तर एकूण 3,320. त्यातून 2,632 वजा जाता 688 डॉलर महिना, राज्याची मदत वेगळी. आज कोब्रा आणि व्हिजिटर विमा मिळून 2,970 भरताय. ब्रॉन्झची दुसरी बाजूही बघा: मोठं आजारपण आलं तर 2026 मध्ये एका माणसाला 10,600 आणि कुटुंबाला 21,200 पर्यंत खिशातून जाऊ शकतात. तेवढी रक्कम बाजूला नसेल तर पत्नी आणि तुम्हीही गोल्ड पाहा.

आईंना जुन्या आजारासाठी थांबावं लागणार नाही. भारतातल्या पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वाट पाहायला लावतात, इथे पहिल्या दिवसापासून सगळं धरतात. मात्र न्यू जर्सीतले बरेच प्लॅन नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचे पैसे देत नाहीत. हाडांच्या डॉक्टरचं नाव, हॉस्पिटलचं नाव आणि आईंच्या गोळ्या, तिन्ही त्याच प्लॅनच्या यादीत शोधा. दवाखान्यात फोन करून ‘तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का’ असं नुसतं विचारू नका, प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. एकाच कंपनीची तीन नेटवर्क असतात.

अर्ज भरताना कुठे अडतं ते सांगतो. साइट 68 वय पाहून मेडिकेअरकडे (65 च्या पुढच्यांसाठीचा सरकारी विमा) वळवते. ‘मेडिकेअर आहे का’ याला नाही म्हणा. पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय आईंना ते विकतही मिळत नाही. कार्ड अजून हातात आलं नसेल तर पासपोर्टवरचा इमिग्रंट व्हिसा आणि विमानतळावरचा शिक्का वर्षभर ग्रीन कार्डसारखाच चालतो, तो अपलोड करा. सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे नवऱ्याचं नाव असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर ते कधी पहिल्या नावाला चिकटून येतं, कधी गळतं. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच लिहा, नाहीतर पडताळणी अडकते आणि कागद मागणारं पत्र येतं. पत्रातली मुदत, बहुधा 90 दिवस, पाळली नाही तर क्रेडिट थांबतं. तुमच्या उत्पन्नासाठीही पुरावा मागतील. महिन्यावार जमा-खर्चाचा साधा तक्ता आणि करारांच्या प्रती तयार ठेवा.

क्रेडिट आगाऊ किती घ्यायचं याची पट्टी असते. परतफेडीची मर्यादा गेल्यामुळे आमचा सल्ला पाऊण भाग आगाऊ आणि उरलेला रिटर्नवर, 8962 फॉर्म भरून घ्या. हातात पैसा कमी असेल तर पूर्ण घ्या, पण दर तीन महिन्यांनी नफ्याचा आकडा पुन्हा पाहा आणि बदलला की 30 दिवसांत कळवा.

पहिला हप्ता भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही. निवड झाली की लगेच भरा, कंपनीकडून खात्री आली की मग कोब्रा 31 जानेवारीला बंद करा. उलट क्रमाने नको. फेब्रुवारीचा कोब्रा चालू राहिला तर त्या महिन्याचं तुमचं तिघांचं क्रेडिट गेलं. आईंचा व्हिजिटर विमा राज्याच्या दंडाच्या नियमात विमा म्हणून धरत नाहीत, तोही बंद केला तरी चालेल.

तुम्ही आय-864 वर, म्हणजे आईंच्या ग्रीन कार्डासाठीच्या आर्थिक हमीपत्रावर, सही केली असणार, म्हणून काळजी वाटत असेल. त्या हमीपत्रातली वसुली मेडिकेड, फूड स्टॅम्पसारख्या गरिबीवर आधारित फेडरल मदतीची असते. प्रीमियम टॅक्स क्रेडिट त्यात येत नाही.

आईंची भारतातली मेडिक्लेम असेल तर मोडू नका. त्या हिवाळ्यात दोन-तीन महिने डोंबिवलीला गेल्या तर इथला प्लॅन तिथे उपयोगाचा नाही, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही शून्य झालाय. त्या आता अनिवासी झाल्याने बचत खातं एनआरओ करावं लागेल आणि भाडेकरूला भाड्यातून टीडीएस कापावा लागेल. नव्या करारात तसं लिहून घ्या, म्हणजे नंतर वाद नको.

पाच वर्षं ऑक्टोबर 2030 मध्ये पुरी होतील. मेडिकेअरसाठी त्यांची नोंदणी जुलै 2030 ते जानेवारी 2031 या सात महिन्यांत करायची. 2026 च्या दराने पार्ट ए (हॉस्पिटलचा) 565 आणि पार्ट बी (डॉक्टरांचा) 202.90 डॉलर महिना पडतो. ती खिडकी चुकली तर पार्ट बीवर दर पूर्ण वर्षाच्या उशिराला 10 टक्के दंड कायमचा लागतो. कॅलेंडरात आजच टाकून ठेवा, कारण त्या वेळी पत्र पाठवून कोणी आठवण करून देईलच असं नाही.